देहरीतून चढलो, खांडसला उतरलो

ठाण्यातल्या भटक्यांची एक ठरलेली पद्धत आहे. शनिवारी रात्री सॅक भरायची, रविवारी एक किल्ला उरकायचा आणि परतीच्या लोकलमध्ये पुढच्या रविवारचा किल्ला ठरवायचा. माहुली झाला, मलंगगड झाला, कलावंतीण झाला. त्यात वावगं काहीच नाही, मीही तेच करते. पण या जानेवारीत किल्ल्यापेक्षा वाट चालायची होती. मुरबाडच्या बाजूने आहुपे घाट चढायचा, घाटमाथ्यावरून भीमाशंकर गाठायचं आणि गणेश घाटाने कर्जतकडे उतरायचं. कल्याणच्या स्टँडवर सुरुवात, कर्जतच्या प्लॅटफॉर्मवर शेवट आणि मधला पुणे जिल्हा पायी. गोरखगड वाटेतच उभा आहे, त्याला टाळून जाणं जमलं नसतं, म्हणून तोही घेतला.

सोबत ऐरोलीची मैत्रीण, कळव्याचा भाचा आणि आमच्या सोसायटीतले काका. काकांनी पासष्टी ओलांडली आहे. रोज पहाटे येऊरचा चढ चढून येतात आणि आम्हा चौघांत सगळ्यांत कमी धापा टाकतात.

दिवस पहिला: म्हशाची जत्रा आणि गोरखगड

मुरबाडपर्यंत एसटी वेळेवर पोचली. घोळ झाला तो पुढे. पौष पौर्णिमा नुकतीच झाली होती आणि म्हसा गावची जत्रा ऐन भरात होती. गाडी म्हशाच्या बरीच अलीकडे थांबली ती थांबलीच. कंडक्टरने शांतपणे तिकिटांची पेटी बंद केली. "पुढं नाय जायची आता. उतरा, चालत जा. जत्रा पन बघून होईल."

पाठीवर सॅक घेऊन जत्रेतून वाट काढायची म्हणजे काय ते आधी माहीत नव्हतं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना बैलच बैल. शिंगांना रंग, गळ्यात घुंगुरमाळा, पायाखाली शेण आणि कडब्याचा चुरा. एका जोडीपाशी सौदा चालला होता. दोन माणसं समोरासमोर उभी, हातात हात आणि वरून उपरणं टाकलेलं. तोंडाने दोघंही पावसापाण्याचं बोलत होते, किंमत उपरण्याखाली बोटांनी ठरत होती. भाचा मोबाइल काढायला लागला तेव्हा बाजूच्या आजोबांनी मानेनेच नको म्हटलं. मग एकाने हात झटकला, चार पावलं गेला, परत आला, पुन्हा उपरणं. शेवटी सौदा झाला की नाही ते कळलं नाही, कारण काका दिसेनासे झाले होते.

काका सापडले घोंगड्यांच्या ओळीत. म्हशाच्या जत्रेत बैल आणि घोंगडी या दोन गोष्टींचं मोठं नाव आहे. विक्रेत्याने घोंगडीवर तांब्याभर पाणी ओतलं, पाण्याचे थेंब लोकरीवर गोळा होऊन घरंगळले आणि काकांनी खिशात हात घातला. वजन तीन किलो तरी असेल. "ही कोण उचलणार?" मैत्रीण म्हणाली. काकांनी तिची वळकटी करून सॅकवर बांधली आणि पुढे चालू लागले.

जत्रेच्या पलीकडे कडब्याचा टेम्पो मिळाला. चालकदादाने पैसे घेतले नाहीत. "गडावर चाल्लाव ना? वर म्हादेवाला आमच्या नावाचा नारळ फोडा." नारळ काही आमच्याकडे नव्हता, तो गडाच्या पायथ्याच्या देहरी गावात घेतला.

(या दिवसांत जाणार असाल तर मुरबाड ते देहरी प्रवासाला दोन तास जास्तीचे धरा. एरवी म्हशावरून देहरीला गाडी किंवा जीप मिळते, पण फेऱ्या मोजक्या आहेत. देहरीत जेवण सांगता येतं, मात्र सकाळीच सांगून ठेवावं लागतं.)

देहरीतून समोर दोन सुळके दिसतात. मोठा गोरख, बारीक मच्छिंद्र. नाथपंथी गोरखनाथांनी इथे साधना केली अशी श्रद्धा आहे, नावं त्यावरून. चढायला सुरुवात करेपर्यंत बारा वाजत आले होते. जानेवारी असला तरी बाराचं ऊन ते बाराचंच. पहिला तास झाडीतून जातो तो बरा. नंतर कारवीच्या वाळक्या काटक्यांमधून घसाऱ्याचा चढ लागतो आणि बोलणं आपोआप बंद होतं. मग कातळ येतो. कातळात कोरलेल्या पायऱ्या, त्यावर कोरीव दरवाजा. दरवाजातून आत वाकलं की अंग एकदम थंडावतं.

गुहा गडाच्या अर्ध्यावर, सुळक्याच्या पोटात आहे. ऐसपैस, पंचवीसेक माणसं सहज झोपतील. पुढे अंगणासारखी सपाट जागा, तिथे चाफ्याची दोन झाडं. जानेवारीत चाफ्याला पान नसतं, नुसत्या जाड राखाडी फांद्या. त्यांच्यामधून समोर मच्छिंद्रचा सुळका दिसतो आणि दोघांच्या मध्ये दरी. गुहेत एक साधूबाबा होते. त्यांनी पाण्याचं टाकं दाखवलं. "हे प्यायचं, ते पलीकडचं भांड्यांना." तरी आम्ही उकळूनच प्यायलो.

सॅक बाबांच्या भरवशावर ठेवून माथ्यावर निघालो. गोरखगडाची खरी गंमत आणि खरी भीती या शेवटच्या टप्प्यात आहे. सरळ कातळात कोरलेल्या पायऱ्या, काही गुडघ्याएवढ्या उंच, मध्ये पावलांनी झिजून गुळगुळीत झालेल्या. बाजूला बोटं अडकवायला खोबण्या. कोणी कोरल्या असतील त्यांना माणसाच्या हाताची लांबी नेमकी ठाऊक होती. जिथे हात शोधायला जातो तिथे खोबण असतेच. मैत्रीण पहिल्या दहा पायऱ्यांनंतर अबोल झाली. काका तिच्या खाली एक पायरी सोडून चढत राहिले आणि पूर्ण वेळ तिच्याशी सोसायटीच्या पाण्याच्या टाकीबद्दल बोलत राहिले. वर पोचल्यावर ती म्हणाली, "टाकीचा विषय ऐकून ऐकून दरी विसरले."

माथा लहान. महादेवाचं छोटं मंदिर, समोर नंदी. टेम्पोवाल्या दादाच्या नावाचा नारळ फोडला. पूर्वेला घाटमाथ्याची भिंत, उद्याचा आहुपे घाट तिच्यातच कुठेतरी. दक्षिणेला सिद्धगड. काकांनी त्याच्याकडे बोट केलं आणि भाच्याला विचारलं, "दोन जानेवारी १९४३?" भाच्याला माहीत नव्हतं. माथेरानचे भाई कोतवाल वकील होते. त्यांनी या डोंगरांत आझाद दस्ता उभा केला, मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले. सिद्धगडच्या जंगलात पोलिसांनी गाठलं, तिथे भाई कोतवाल आणि हिराजी पाटील दोघंही पडले. दर वर्षी त्या तारखेला पहाटे लोक सिद्धगडच्या स्मारकापाशी जमतात. काका तरुणपणी दोनदा जाऊन आले आहेत. "तेव्हा चालत येणाऱ्यांत त्यांना प्रत्यक्ष पाहिलेली म्हातारी माणसं होती," एवढंच म्हणाले.

(उतरताना तोंड कातळाकडे ठेवा, पाठ नाही. उंचीची भीती असलेल्यांसाठी तीस मीटरचा दोर न्यावा, बांधायला माणूस जाणता हवा. पावसाळ्यात माथ्याचा हट्ट सोडावा, गुहेपर्यंतच जावं. धूर, अत्तर टाळा. कातळकड्यांवर आग्या मोहोळं असतात आणि ती चिडली तर पळायला जागा नाही. माकडं फार धीट आहेत, आमचा एक बिस्किटपुडा बाबांच्या डोळ्यांदेखत गेला.)

रात्री स्टोव्हवर पिठलं, घरून आणलेल्या भाकऱ्या आणि बाबांनी दिलेला लसणाचा ठेचा. चंद्र उशिरा उगवला. मैत्रीण जागी होती, कारण भाचा घोरत होता.

दिवस दुसरा: आहुपे घाट

देहरीत उतरून एका घरी पोहे आणि कोरा चहा झाला, तिथून जीपने खोपिवली. गावाच्या मागून घाट सुरू होतो.

गोरखगडानंतर आहुपे घाट म्हणजे राजरस्ता वाटतो. कुठे हात टेकावा लागत नाही. वाट रुंद, वळणं घेत चढणारी, भर झाडीतली, ओझ्याची जनावरं जातील अशा बेताने काढलेली. कोकणातून जुन्नर, घोडेगावकडे माल नेणाऱ्या जुन्या वाटांपैकी ही एक. गोरखगडासारखा टेहळणीचा गड तिच्या तोंडाशीच का, ते चालताना दर वळणावर कळत जातं. झाडीत फट दिसली की गोरख डोकावतोच. आधी मान वर करून बघावा लागतो, मग नजरेसमोर येतो, मग खाली जातो.

मध्यावरच्या सपाटीवर एक आजोबा आणि त्यांची सून बसले होते. म्हशाच्या जत्रेहून परत निघालेले, गाव आहुपे. आजोबांच्या खांद्यावर नवी घोंगडी, सुनेच्या डोक्यावर पाटी. पाटीत दोन विळे, स्टीलचा डबा, शेव-गाठ्यांची पुडी आणि पोरांसाठी पिपाण्या. आम्ही पाणी पुढे केलं, त्यांनी गूळ दिला. पुढचा चढ सोबत चढलो. म्हणजे ते चढत होते आणि आम्ही त्यांना गाठत होतो.

"घाट रोजचाच का आजोबा?"

"रोजचा कशाला? बाजार असला, लगीन असलं, कुनाचं मयत असलं की उतरायचं. माझी धाकली बहीन खाली दिलीय. लेक पन खाली." थोडं थांबून म्हणाले, "गाडीनं जायाचं म्हनलं तर घोडेगाव, जुन्नर, मग माळशेज उतरून मुरबाड. दिवस मोडतो. हितनं उतरलं का दुपारच्या जेवनाला लेकीकडं."

सुनेने भर घातली, "मामंजी भांडून निघाले तरी लेकीकडेच जातात. घाट सोपा हाय ना." आजोबा हसले.

त्यांच्या लहानपणी वडील खालून मीठ आणायचे, ते पोतं पाठीवर घेऊन याच वाटेने. एका झाडाखाली तीन दगड मांडलेले होते. तिथे आजोबांनी वाकून एक पान ठेवलं, सुनेने ठेवलं, मग काकांनीही ठेवलं. देव कुठला ते कोणी विचारलं नाही.

साडेतीन तासांत माथा आला. एका पावलात झाडी संपते, वारा अंगावर येतो आणि आपण पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यात असतो. आहुप्याचा कडा पाहिल्यावर भाच्याने पहिल्यांदा फोन खिशात ठेवला. खाली उतरत गेलेले कडे, त्याखाली जंगल आणि त्यातून वर आलेले गोरख-मच्छिंद्र. काल ज्या माथ्यावर जीव मुठीत धरून उभे होतो तो आता खूप खाली होता. मैत्रिणीने बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "एवढासाच?"

मुक्काम गावातल्याच एका घरी. रात्रीचं जेवण इतकं जमलं की त्याबद्दल लिहिणं भाग आहे. नाचणीची भाकरी, हुलग्याचं शेंगोळं, खुरासणीची चटणी. शेंगोळं ताटात वाढलं तेव्हा रस्सा अजून उकळत होता. हुलग्याच्या पिठात लसूण, मिरची, जिरं वाटून घातलेलं, हातावर वळलेल्या वेटोळ्या. मावशी चुलीपाशी बसून पुढच्या वळत होत्या. तळहातावर पीठ, दुसऱ्या हाताच्या दोन फेऱ्या, बोटाला गुंडाळून टोकं चिकटवली की थेट पातेल्यात. मैत्रिणीने करून पाहिलं, तिच्या रश्श्यात सुटल्या. "होतंय, होतंय," मावशी म्हणाल्या आणि त्या सुटलेल्या हळूच स्वतःच्या ताटात वाढून घेतल्या.

जेवताना घरातले दादा हिरड्याबद्दल बोलत होते. इकडच्या महादेव कोळी घरांना भातानंतर हातात पैसा देणारं हेच झाड. कोवळा बाळहिरडा गोळा करायचा, वाळवायचा, विकायचा, औषधाला जातो. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात कितीतरी मोठी झाडं आडवी झाली आणि भरपाईसाठी मोर्चे काढावे लागले. "भात पडलं तर पुढल्या साली येतं," दादा म्हणाले. "हिरडा पडला तर नातवाला."

रात्री थंडी अशी की काकांच्या घोंगडीवर सगळ्यांचा डोळा. त्यांनी ती कोणाला दिली नाही. कड्यावरून पश्चिमेला मुरबाडचे दिवे दिसत होते आणि त्यांच्याही मागे, आकाशाच्या कडेला, पिवळट उजेड. कल्याण असावं. दादांच्या धाकट्या मुलाला तिकडे नोकरीला जायचंय, त्याने भाच्याला भाड्याच्या खोल्यांचे भाव विचारून घेतले.

(आहुप्यात राहायला आधी कोणाची तरी ओळख काढून फोन करून जा. रेंज नावापुरती, पैसे रोख. डिसेंबर-जानेवारीत कानटोपी आणि जाड स्वेटर हवाच, ठाण्याच्या थंडीचा हिशोब इथे चालत नाही.)

दिवस तिसरा: देवराई, शेकरू, भीमाशंकर

सकाळी गावाची भैरवनाथाची देवराई. आत शिरलं की पाचोळ्याचा थर पावलाखाली दबतो आणि ऊन वरच अडकतं. इथलं पडलेलं लाकूडही कोणी उचलत नाही. मोडून पडलेलं एक खोड तसंच आडवं होतं, त्यावर आळंबी, आळंबीवर मुंग्या. दादा बाहेर चपला काढून आले होते, म्हणून आम्हीही बूट काढले. गारठलेल्या पाचोळ्यावर अनवाणी चालायची हौस मात्र पाच मिनिटांत फिटली.

आहुपे ते भीमाशंकर हा पल्ला कोंढवळमार्गे सहा तासांचा. अभयारण्य आहे, ढोरवाटांचं जाळं आहे, त्यामुळे दादांचा पुतण्या वाटाड्या म्हणून आला. त्याने निघताना दोन गोष्टी बजावल्या, मोठ्याने बोलू नका आणि वर बघत चाला. भीमाशंकर अभयारण्य १९८५ मध्ये जाहीर झालं ते मुख्यतः शेकरूसाठी, आपला राज्यप्राणी. घरटी पटापट दिसू लागली, फांद्यांच्या टोकाला काटक्यांचे गोळे. एकेक शेकरू अशी अनेक घरटी बांधते, राहते त्यांतल्या एकदोनात. प्रत्यक्ष शेकरू दिसायला मात्र दोन तास लागले. आधी खडखड असा आवाज आला. मग डोक्यावरच्या फांदीवरून तपकिरी-तांबूस शेपूट लोंबताना दिसली, अंगाइतकीच लांब. ती मागच्या पायांवर उलटी लटकून पुढच्या दोन हातांनी फळ धरून खात होती. सालीचे तुकडे काकांच्या टोपीवर पडत होते, काका पुतळ्यासारखे उभे. पोट भरल्यावर तिने झेप घेतली ती थेट पलीकडच्या झाडावर, मधलं अंतर सहज पंधरा फूट.

बाकी चाल लांबलचक आणि सांगण्यासारखी कमी. कोंढवळला चहा झाला. शेवटच्या तासात माझा गुडघा बोलू लागला. जंगलातून एकदम प्लॅस्टिकच्या माळा, पेढ्यांची दुकानं आणि लाउडस्पीकर यांच्यात बाहेर पडलो तेव्हा परत आत जावंसं वाटलं. रविवार होता, दर्शनाची रांग कमानीपर्यंत.

रांगेत उभं राहायचं त्राण नव्हतं, पण घंटा पाहायची होती. चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकल्यावर पोर्तुगीजांच्या चर्चमधल्या घंटा देवस्थानांना दिल्या, त्यांतली एक इथे शनीच्या मंदिरापाशी टांगलेली आहे. वसईच्या मोहिमेआधी मराठ्यांनी ठाण्याचा किल्ला घेतला होता, १७३७ मध्ये. तोच, ज्यात आज मध्यवर्ती कारागृह आहे. एवढी जड घंटा खाडीकाठावरून घाट चढवून इथवर आणली. काकांनी तिच्याकडे आणि आपल्या तीन किलोच्या घोंगडीकडे आळीपाळीने पाहिलं.

मुक्काम एका साध्या लॉजवर. गरम पाण्याची बादली मिळाली, बाकी कशाचीच अपेक्षा नव्हती.

दिवस चौथा: गणेश घाट आणि कर्जत

उतरायला दोन वाटा. शिडी घाट जवळचा आणि थरारक, कातळावर लोखंडी शिड्या. भाच्याला तोच हवा होता. माझ्या गुडघ्याने गणेश घाटाच्या बाजूने मत दिलं, काका आणि मैत्रिणीने अनुमोदन दिलं. गणेश घाट लांबचा पण निवांत. मध्ये पदरावर, म्हणजे डोंगराच्या मधल्या टप्प्यावर, सपाटी लागते, एका बाजूला भीमाशंकरचे कडे, दुसरीकडे पदरगडाचा सुळका. गणपतीच्या छोट्या देवळापाशी एक ताई कोकम सरबत विकत होत्या. पाणी, बर्फ, साखर सगळं रोज पहाटे पायथ्याच्या खांडस गावाहून डोक्यावर आणतात. श्रावणी सोमवारी याच वाटेवर पाय ठेवायला जागा नसते, आज अख्ख्या सकाळी आम्ही पहिले. दोन-दोन ग्लास झाले.

साडेतीन तासांत खांडस. शेवटच्या टप्प्यात ऊन चटके देणारं, झाडी तुटक. खांडसहून कशेळेमार्गे जीपने कर्जत. प्लॅटफॉर्मवर वडापाव घेतले, गाडीला वेळ होता म्हणून परत घेतले.

ज्यांना हा मार्ग करायचा आहे त्यांच्यासाठी. दिशा हीच ठेवा, देहरीतून चढा आणि खांडसला उतरा. उलट केलंत तर दमून संध्याकाळी खोपिवली किंवा देहरीला पोचाल आणि मुरबाडची गाडी निघून गेलेली असेल. कर्जतहून ठाण्याला लोकल रात्रीपर्यंत आहेत. ऑक्टोबर अखेर ते फेब्रुवारी हा काळ चांगला, मार्चनंतर घाटाच्या पायथ्याला ऊन सोसत नाही आणि वाटेतलं पाणी आटतं. प्रत्येकी तीन लिटर पाणी जवळ हवंच. गोरखगडाचा माथा वगळला तर सगळी वाट नवख्यांना जमण्यासारखी आहे, फक्त आधी महिनाभर येऊर किंवा खारघरच्या टेकडीवर सॅक घेऊन चढउतार करा, रिकाम्या पाठीने नव्हे. आणि वाटाड्याच्या पैशांत घासाघीस करू नका. आहुपे-भीमाशंकरच्या जंगलात तीन ठिकाणी वाट फुटते, तिन्ही वेळा मला चुकीची फाटच बरोबर वाटली होती.